अमेरिका ‘आपलं आपण बघू’पासून जागतिक युद्धापर्यंत कशी पोचली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत आटोपते: ७ डिसेंबर १९४१ रोजी जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. ओळ खोटी नाही. पण त्याआधी दोन-अडीच वर्षं तो देश एकेक पायरी उतरत युद्धाच्या पाण्यात चालला होता आणि पाणी कमरेपर्यंत आलं तरी ‘आम्ही काठावरच आहोत’ असं म्हणत होता, हे त्या ओळीत कुठेच येत नाही. इतिहासाच्या वाचकांकडून आणि स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांकडून या विषयावर तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

अलगतावाद म्हणजे अलिप्ततावादच ना?

नाही, आणि हा घोळ मराठीत फार होतो. नेहरूंच्या काळातला अलिप्ततावाद म्हणजे दोन महासत्तांपैकी कुणाच्याही गटात न जाता जगाच्या व्यवहारात पुरेपूर भाग घेणं. अमेरिकेचा अलगतावाद म्हणजे युरोपच्या भांडणात पडायचं नाही, कुणाशी लष्करी करार करायचा नाही, कुणाच्या रक्षणाची हमी द्यायची नाही. काही पुस्तकं दोन्हीला ‘अलिप्तता’च म्हणतात, म्हणून परीक्षेत प्रश्न नीट वाचा.

मग त्याआधी अमेरिका खरोखरच जगापासून दूर होती?

युरोपपासून दूर होती, एवढंच म्हणता येईल. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ च्या निरोपाच्या संदेशात परदेशांशी कायमच्या मैत्रीचे करार टाळा असं सांगितलं होतं आणि तो सल्ला पुढे दीडशे वर्षं देवाच्या वचनासारखा उद्धृत होत राहिला. १८२३ च्या मन्रो सिद्धांतानं युरोपला बजावलं की आमच्या खंडात लुडबूड करू नका. मात्र स्वतः अमेरिकेनं १८९८ च्या युद्धानंतर स्पेनकडून फिलिपिन्स, ग्वाम आणि पोर्तो रिको घेतले, हवाई बेटं सामील करून घेतली आणि हैती, निकाराग्वासारख्या देशांत सैन्य पाठवलं. फिलिपिन्सच्या माणसाला जर कुणी सांगितलं असतं की अमेरिका कुणाच्या भानगडीत पडत नाही, तर तो हसला असता.

पहिल्या महायुद्धात तर अमेरिका लढली होती. मग पुन्हा दार का लावून घेतलं?

कारण त्या युद्धाचा हिशेब लोकांना पटला नाही. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका उतरली आणि दीड वर्षात तिची सुमारे १ लाख १६ हजार माणसं गेली. जग लोकशाहीसाठी सुरक्षित करायचं, असं राष्ट्राध्यक्ष विल्सन म्हणाले होते. प्रत्यक्षात व्हर्सायला विजेत्यांची जुनीच वाटणी झाली. राष्ट्रसंघाची कल्पना विल्सन यांची, पण त्यांच्याच सिनेटनं व्हर्सायचा तह नोव्हेंबर १९१९ मध्ये आणि पुन्हा मार्च १९२० मध्ये नामंजूर केला. दुसऱ्या वेळी दोन तृतीयांशाला फक्त सात मतं कमी पडली. सिनेटर लॉज आणि त्यांच्या गटाचा मुख्य आक्षेप असा, की संघाच्या एका कलमामुळे दुसऱ्याच्या सीमेसाठी लढण्याची बांधिलकी येते आणि युद्धाचा निर्णय आपल्या संसदेच्या हातून निसटतो. पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले विल्सन तडजोडीला तयार नव्हते. थोडे वाकले असते तर तह वाचला असता, असं माझं मत आहे.

पुढे १९२४ च्या कायद्यानं स्थलांतर आवळलं. १९२९ मध्ये महामंदी सुरू झाली. १९३० मध्ये आयात मालावर जबर जकात बसली. १९३३ मध्ये कामकऱ्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा बेकार होता. घरात चूल पेटत नसताना पोलंडची चिंता कोण करणार?

तटस्थतेचे कायदे नेमके काय होते?

सिनेटर जेराल्ड नाय यांच्या समितीनं १९३४ ते १९३६ या काळात चौकशी करून असं चित्र उभं केलं की बँकवाले आणि तोफा-दारूगोळ्याचे व्यापारी यांनी देशाला १९१७ च्या युद्धात ढकललं. या रागातून १९३५, १९३६ आणि १९३७ चे कायदे आले: लढणाऱ्या कुठल्याही देशाला शस्त्रं विकायची नाहीत, कर्ज द्यायचं नाही, त्यांच्या जहाजांतून अमेरिकी नागरिकांनी प्रवास करायचा नाही. गोम अशी, की हल्ला करणारा आणि मार खाणारा दोघांनाही एकच नियम लागू. सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात युद्ध पेटल्यावर त्यात बदल झाला: शस्त्रं घ्या, पण रोख मोजा आणि स्वतःच्या जहाजातून न्या. समुद्रावर ब्रिटनचा ताबा होता, त्यामुळे कागदावर सगळ्यांसाठी असलेली ही सवलत वापरता आली ती ब्रिटन आणि फ्रान्सलाच.

अलगतावादी म्हणजे हिटलरचे चाहते होते का?

काही होते, बहुतेक नव्हते. ‘अमेरिका फर्स्ट’ समिती सप्टेंबर १९४० मध्ये येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केली. त्या पोरांत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेरल्ड फोर्ड होते. सभासद आठ लाखांच्या घरात गेले. शेतकरी, पहिल्या युद्धात मुलगा गमावलेल्या आया, शांततावादी, समाजवादी नेते नॉर्मन थॉमस आणि रूझवेल्टद्वेष्टे उद्योगपती असे सगळे एकाच मांडवात होते. आयर्लंडहून आलेल्या अनेकांना तर ब्रिटिश साम्राज्य वाचवायला आपली पोरं का मरावीत हाच प्रश्न होता, आणि तो भारतीय वाचकाला कळायला अवघड नाही.

त्यांचा सगळ्यात मोठा वक्ता म्हणजे १९२७ मध्ये एकट्यानं अटलांटिक पार करणारा वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग. ११ सप्टेंबर १९४१ रोजी डे मॉईनच्या सभेत त्यानं देशाला युद्धात ढकलणाऱ्यांच्या यादीत ब्रिटिश आणि रूझवेल्ट सरकारच्या जोडीनं ज्यूंचं नाव घेतलं. त्या भाषणानं चळवळीला जो डाग लागला तो निघाला नाही. ज्यूंबद्दलचा आकस त्याच्या एकट्याच्या मनात नव्हता. १९३९ मध्ये सेंट लुईस नावाच्या जहाजातून आलेल्या नऊशेहून जास्त, बहुतेक ज्यू, निर्वासितांना अमेरिकेनं किनाऱ्याला लागू दिलं नाही. जहाज युरोपात परत गेलं आणि त्यांतले २५४ जण पुढे नाझींच्या संहारात मेले.

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांना फसवून युद्धात नेलं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

ऑक्टोबर १९३७ मध्ये शिकागोला रूझवेल्ट म्हणाले की साथीच्या रोग्याला वेगळं ठेवतात तसं आक्रमक देशांनाही ठेवलं पाहिजे. प्रतिक्रिया बघून ते थोडे मागे सरले. लोक किती मागे आहेत हे बघत बघतच पुढे जायचं, ही त्यांची रीत होती.

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि हवा बदलली. सप्टेंबरमध्ये त्यांनी पन्नास जुन्या विनाशिका ब्रिटनला दिल्या आणि बदल्यात नौदलाचे तळ घेतले, तेही संसदेला न विचारता. त्याच महिन्यात शांततेच्या काळातली पहिली सक्तीची लष्करभरती मंजूर झाली. आणि ३० ऑक्टोबरला, तिसऱ्यांदा निवडणूक लढवत असताना, बोस्टनच्या सभेत त्यांनी आयांना वचन दिलं की तुमच्या मुलांना कुठल्याही परक्या युद्धात पाठवलं जाणार नाही.

निवडून आल्यावर, डिसेंबरमध्ये, पत्रकारांना त्यांनी एक गोष्ट सांगितली. शेजाऱ्याच्या घराला आग लागली आणि आपल्याकडे बागेला पाणी घालायची नळी असेल, तर आपण तिची किंमत मागत बसतो का? नळी देतो, आणि आग विझली की परत घेतो. यातून मार्च १९४१ चा लेंड-लीज कायदा आला. सिनेटर रॉबर्ट टाफ्ट यांचा यावरचा टोला मला नळीपेक्षा जास्त आवडतो: शस्त्रं उसनी देणं म्हणजे च्युइंगम उसनं देणं, एकदा चघळलेलं परत कोण घेतो? युद्ध संपेपर्यंत या कायद्याखाली सुमारे ५० अब्ज डॉलरचा माल गेला, निम्म्याहून अधिक ब्रिटिश साम्राज्याला आणि मोठा वाटा रशियाला. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ज्या जहाजाचा प्रलयंकर स्फोट झाला, ते ‘फोर्ट स्टिकीन’ही लेंड-लीजच्या करारातून ब्रिटनला मिळालेलं होतं.

मग हा माल अटलांटिकमध्ये बुडू नये म्हणून अमेरिकी युद्धनौका पहारा देऊ लागल्या. ३१ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन पाणबुडीनं ‘रूबेन जेम्स’ ही विनाशिका बुडवली आणि शंभरावर खलाशी मेले. पर्ल हार्बरला अजून पाच आठवडे होते.

तर मग फसवणूक? प्रत्येक मोठं पाऊल उघड होतं, वर्तमानपत्रांत छापून येत होतं, संसदेत त्यावर खडाजंगी होत होती. पण त्या पावलांचा शेवट कुठे होणार हे रूझवेल्ट यांना दिसत होतं आणि ते बोलत नव्हते, असं मला वाटतं. बोस्टनचं वाक्य त्यांनी द्यायला नको होतं. लोकही मात्र दुटप्पी होते: बहुसंख्यांना ब्रिटन जिंकायला हवं होतं आणि आपली पोरं मात्र जायला नको होती. ऑगस्ट १९४१ मध्ये भरतीची मुदत वाढवण्याचा ठराव प्रतिनिधिगृहात २०३ विरुद्ध २०२ असा एका मतानं तरला.

युद्ध युरोपात, मग हल्ला जपाननं का केला?

तेलासाठी. जपान १९३१ पासून मांचुरियात आणि १९३७ पासून उरलेल्या चीनमध्ये घुसला होता, आणि त्याची विमानं-जहाजं चालत होती ती मुख्यतः अमेरिकेतून आलेल्या तेलावर. जुलै १९४१ मध्ये जपाननं दक्षिण इंडोचायना घेतल्यावर अमेरिकेनं त्याची मालमत्ता गोठवली आणि तेल तोडलं. आता जपानपुढे दोनच वाटा उरल्या, चीनमधून माघार घ्यायची किंवा डच ईस्ट इंडीजच्या तेलविहिरी बळकवायच्या. दुसरी वाट धरायची तर बाजूनं वार करू शकणारं अमेरिकी आरमार आधी मोडायला हवं होतं.

हल्ला होणार हे अमेरिकेला आधीच माहीत होतं म्हणतात?

हल्ला होणार हे माहीत होतं, कुठे हे नव्हतं. जपानच्या परराष्ट्र खात्याचं सांकेतिक लेखन अमेरिकेनं फोडलं होतं आणि २७ नोव्हेंबरला पॅसिफिकच्या सेनापतींना युद्धाचा इशाराही गेला होता. सगळ्यांच्या नजरा फिलिपिन्स आणि मलायाकडे होत्या. त्या रविवारी सकाळी हवाईतल्या ओआहू या पर्ल हार्बरच्या बेटावरच्या रडारवर विमानांचा मोठा थवा दिसलाही, पण आपलीच बॉम्बफेकी विमानं येताहेत असं समजून तिकडे दुर्लक्ष झालं. सरकारी कारभार ज्यानं जवळून पाहिलाय त्याला यात कटाची गरज वाटणार नाही. २,४०३ अमेरिकी मेले, त्यांतले १,१७७ एकट्या ‘ॲरिझोना’ युद्धनौकेवरचे. विमानवाहू नौका मात्र नेमक्या त्या दिवशी बंदरात नव्हत्या.

मग जर्मनीशी युद्ध का?

कारण ११ डिसेंबरला हिटलरनं स्वतःच अमेरिकेविरुद्ध युद्ध जाहीर केलं. जपानशी झालेल्या करारानं त्याच्यावर तशी सक्ती नव्हती. रूझवेल्ट यांच्यापुढचा सगळ्यात अवघड पेच शत्रूनंच सोडवून दिला.

एवढं सैन्य आणि सामान आलं कुठून?

१९३९ मध्ये अमेरिकेचं खडं भूदल दोन लाखांहून कमी होतं. युद्धात एकूण १ कोटी ६० लाख लोकांनी गणवेश चढवला आणि सुमारे ४ लाख ५ हजार परतले नाहीत.

सामानाचं उत्तर मोटारीच्या कारखान्यांत आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये खाजगी मोटारी बनवणं बंद झालं आणि त्याच कारखान्यांतून रणगाडे, इंजिनं, विमानं निघू लागली. मिशिगनमधल्या फोर्डच्या विलो रन कारखान्यातून १९४४ मध्ये जवळजवळ तासाला एक या वेगानं बॉम्बफेकी विमान बाहेर पडत होतं. २,७१० लिबर्टी जहाजं बांधली गेली. त्यांतलं एक तर चार दिवस पंधरा तासांत उभं केलं! ते प्रचारासाठी केलेलं होतं हे खरं, पण जहाज तरंगलं आणि मालही वाहून नेला. १९३३ पासून न हटलेली बेकारी १९४४ मध्ये दीड टक्क्याच्याही खाली आली.

सामान्य घरांत काय बदललं?

साखर, कॉफी, मांस, टायर, पेट्रोल सगळं रेशनवर. पेट्रोलचं रेशन पेट्रोल कमी म्हणून नव्हतं, टायर वाचावेत म्हणून होतं, कारण रबराचे मळे मलाया आणि जावामध्ये होते आणि ते जपाननं घेतले होते. गाड्यांना ताशी ३५ मैलांची मर्यादा आली. लाखो बायका वेल्डिंग आणि रिव्हेट मारायला उभ्या राहिल्या. शांतता झाल्यावर त्यांतल्या पुष्कळांना घरी पाठवलं गेलं.

याहूनही टिकाऊ बदल पगाराच्या पाकिटात झाला. १९३९ मध्ये आयकर भरणारे चाळीस लाखांच्या आसपास होते, १९४५ पर्यंत ते चार कोटींच्या वर गेले, आणि १९४३ पासून कर पगारातूनच कापला जाऊ लागला. युद्ध संपलं तरी कपात काही थांबली नाही. महासत्ता म्हणून जगभर तळ सांभाळायला लागणारा पैसा पुढे याच वाटेनं येत राहिला.

जपानी वंशाच्या नागरिकांना खरंच छावण्यांत ठेवलं?

हो. १९ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशानं पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना उचलून काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवलं. त्यांतले दोन तृतीयांश जन्मानं अमेरिकी नागरिक होते. खटला नाही, आरोप नाही. गंमत म्हणावी तर, ज्या हवाईवर बॉम्ब पडले तिथे लोकसंख्येचा तिसऱ्याहून अधिक हिस्सा जपानी वंशाचा असूनही असं सरसकट केलं नाही, कारण त्यांच्यावाचून तिथला कारभार ठप्प झाला असता. छावण्यांतल्या कित्येक घरांतली मुलं ४४२ व्या रेजिमेंटमधून इटली-फ्रान्समध्ये लढली. सरकारनं माफी मागून हयात असलेल्यांना प्रत्येकी २० हजार डॉलर देण्याचा कायदा केला, तो १९८८ मध्ये.

आणि कृष्णवर्णीयांचं?

वंशवादी जर्मनीशी लढायला गेलेलं अमेरिकी सैन्य वंशानुसार विभागलेलं होतं. १९४१ मध्ये कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा कुठे रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगातल्या भरतीत भेदभाव करायला बंदी घातली. सैन्यातली विभागणी मोडण्याचा आदेश रूझवेल्ट यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काढला तो २६ जुलै १९४८ रोजी. परदेशात लढून आलेला आणि घरी बसमध्ये मागे बसायला लागणारा सैनिक पुढच्या नागरी हक्क चळवळीच्या मुळाशी आहे.

या सगळ्यात भारत कुठे येतो?

ऑगस्ट १९४१ च्या अटलांटिक सनदेत रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी प्रत्येक जनतेचा आपलं सरकार निवडण्याचा हक्क मान्य केला. महिनाभरात चर्चिल यांनी संसदेत खुलासा केला की हे नाझींच्या टाचेखालच्या देशांसाठी आहे, भारतासाठी नाही. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी रूझवेल्ट यांना पत्र लिहून दाखवून दिलं की भारत आणि आफ्रिका पारतंत्र्यात आहेत आणि अमेरिकेच्या स्वतःच्या घरात कृष्णवर्णीयांचा प्रश्न आहे, तोवर स्वातंत्र्यासाठी लढण्याच्या गोष्टी पोकळ वाटतात. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. रूझवेल्ट यांनी चर्चिलना थोडंफार टोचलं, पण युद्ध चालू असताना मित्राशी बिघडवलं नाही.

दुसरा धागा जुलै १९४४ चा. न्यू हॅम्पशरमधल्या ब्रेटन वुड्स इथे ४४ देशांनी जागतिक बँक आणि नाणेनिधी यांचा पाया घातला. भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, रायगडाजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख होते. युद्धखर्चापोटी ब्रिटननं भारताचं जे प्रचंड स्टर्लिंग (पौंडांतलं) देणं करून ठेवलं होतं, त्याचा प्रश्न भारतीयांनी तिथे मांडला. तो बाजूला सारला गेला, आणि नव्या जगाचं खातेवही डॉलरमध्ये लिहायला सुरुवात झाली: ३५ डॉलरला एक औंस सोनं.

१९१९ सारखी अमेरिका १९४५ नंतर पुन्हा घरी का गेली नाही?

जवळजवळ गेलीच होती. जानेवारी १९४६ मध्ये मनिलात हजारो सैनिकांनी ‘घरी पाठवा’ म्हणून निदर्शनं केली, आणि १ कोटी २० लाखांचं सैन्य दोन वर्षांत सुमारे १५ लाखांवर आलं. पण या वेळी परराष्ट्र धोरण आखणाऱ्यांची मनं बदलली होती. सिनेटर आर्थर व्हँडेनबर्ग हे कट्टर अलगतावादी. जानेवारी १९४५ मध्ये त्यांनी सिनेटमध्ये उभं राहून सांगितलं की यापुढे कुठलाही देश स्वतःच्या बळावर एकटा सुरक्षित राहू शकणार नाही. ज्या सिनेटनं राष्ट्रसंघ पाडला होता, तिनंच संयुक्त राष्ट्रांची सनद ८९ विरुद्ध २ मतांनी मंजूर केली.

बाकीचं काम रशियाच्या भीतीनं केलं. मार्च १९४७ मध्ये ट्रुमन यांनी ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी मदत मागितली. त्याच वर्षी सीआयए ही गुप्तचर संस्था आणि राष्ट्रीय सुरक्षा परिषद जन्माला आली. युद्धानंतरच्या उभारणीसाठीच्या मार्शल योजनेतून पश्चिम युरोपला सुमारे १३ अब्ज डॉलर मिळाले. आणि १९४९ मध्ये एकमेकांच्या रक्षणाची हमी देणाऱ्या नाटो करारावर सही करून अमेरिकेनं वॉशिंग्टन यांचा दीडशे वर्षांचा सल्ला मोडला. च्युइंगमवाले टाफ्ट तेव्हाही विरोधातच होते.

धान्य हेही परराष्ट्र धोरणाचं हत्यार झालं. १९५४ च्या पीएल-४८० कायद्याखाली अमेरिकेचा शिलकी गहू भारतात रुपयांत विकला गेला.

परतलेल्या सैनिकांना काय मिळालं?

पहिल्या युद्धातल्या सैनिकांनी १९३२ मध्ये बोनससाठी वॉशिंग्टनला तळ ठोकला तेव्हा त्यांना लष्कर लावून हुसकलं होतं. ती लाज आणि पुन्हा मंदी येण्याची धास्ती, यांतून जून १९४४ चा जीआय बिल हा कायदा झाला: शिक्षणाचा खर्च, घरासाठी स्वस्त कर्ज, काम मिळेपर्यंत भत्ता. सुमारे ७८ लाख जणांनी शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतलं. १९४७ मध्ये कॉलेजातला जवळजवळ दर दुसरा विद्यार्थी माजी सैनिक होता. कागदावर कायदा सगळ्यांचा, पण कर्ज देणारी बँक आणि घर विकणारा बिल्डर गोरा. न्यूयॉर्कजवळ उभ्या राहिलेल्या लेव्हिटटाऊनमध्ये कृष्णवर्णीयाला, मग तो युद्धावरून आलेला का असेना, घर मिळत नव्हतं.

भारतीयांसाठी अमेरिकेचं दार याच काळात उघडलं का?

फट पडली म्हणा. १९४६ च्या कायद्यानं भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला शंभर जणांचा कोटा दिला. न्यू जर्सीत गणपती बसवणाऱ्या आजच्या मराठी कुटुंबांची वाट १९६५ च्या कायद्यानं मोकळी झाली.

युद्धाच्या ठरावाविरुद्ध एकच मत पडलं म्हणतात. ते कुणाचं?

मोंटानाच्या जनेट रँकिन यांचं. अमेरिकी संसदेत निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला. १९१७ मध्येही त्यांनी युद्धाविरुद्ध मत दिलं होतं, पण तेव्हा सोबत आणखी ४९ जण होते. ८ डिसेंबर १९४१ रोजी प्रतिनिधिगृहात मतं पडली ३८८ विरुद्ध १. संतापलेल्या लोकांपासून वाचायला त्या टेलिफोनच्या खोक्यात शिरल्या आणि पोलीस येईपर्यंत तिथेच थांबल्या. त्यांनी पुन्हा निवडणूक लढवली नाही. गांधीविचार समजून घ्यायला पुढे त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या, आणि जानेवारी १९६८ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या बायकांच्या मोर्चाच्या अग्रभागी चालत होत्या.